दंडमाफी

“तिला कुणी बोलू नका रे. तिला बरं नाहीये.”

आईचा आवाज. पलीकडच्या खोलीतून आलेला, दबका, मऊ, उबदार पांघरुणासारखा. ती तेव्हा शाळेत जात होती आणि तापाने अंथरुणाला खिळली होती. पहिले दोन दिवस तो आवाज गोड लागला. पुढे ताप उतरला तरी आवाज उतरेना. भावंडं दारातूनच डोकावून जायची. कुणी वेणी ओढेना, कुणी चिडवेना, कुणी तिच्या ताटातलं पळवेना. एकदा तिने मुद्दाम भावाच्या वहीवर शाईची दौत लवंडून दिली. भावाने मुकाट्याने शाई टिपली आणि तो निघून गेला. त्या दिवशी ती अंगात ताप नसताना रडली.

आज जिन्याच्या वळणावर कठड्याला टेकून उभं असताना वहिनींना तो आवाज अचानक आठवला. वरच्या सभागृहात क्लबचं गीत चाललं होतं. पेटी नेहमीसारखी गाणाऱ्यांच्या पुढे पळत होती. गीत संपण्याआधी आत पाऊल पडलं तर उशीर धरत नाहीत, आणि वहिनींना उशीर व्हायलाच हवा होता. छातीवरचा बिल्ला त्यांनी काढून पर्समध्ये टाकला. पाय दुखत होते. दुकानात दिवसभर उभं राहून पोटऱ्यांना गोळे आले होते. तरी गीताची शेवटची ओळ विरेपर्यंत त्या तिथेच थांबल्या, आणि मग चपला वाजवत आत शिरल्या.

सगळ्यांनी मान वळवून पाहिलं. सगळे हसले, पण जपून.

“या वहिनी, या,” अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षांचं रंगांचं दुकान होतं आणि कुठल्याही शर्टवर एखादा ठिपका असायचाच. “पंख्याखालची खुर्ची ठेवलीय तुमच्यासाठी.”

ही खुर्ची वर्षभर ठेवलेली असायची. शेजारी मेट्रनबाई बसायच्या, सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या. वहिनी बसल्या की त्या त्यांच्या हातावर हात ठेवायच्या आणि मिनिटभर तसाच ठेवायच्या, नाडी मोजल्यासारखा. आजही ठेवला.

वहिनींनी कोतवालांकडे पाहिलं. कोतवालांची नजर त्यांच्या चेहऱ्यावर आली, बिल्ला नसलेल्या पदरावर गेली, आणि ओल्या फरशीवरून पाय सटकावा तशी खिडकीकडे सटकली.

अध्यक्ष, चिटणीस सगळ्याच क्लबांत असतात. या क्लबात एक कोतवालही होता. सभासदांचे गुन्हे पकडायचे आणि भर सभेत शिक्षा सुनवायची, हे त्याचं काम. गुन्हे फुटकळ आणि शिक्षा त्याहून फुटकळ. उशीर झाला तर दोन ओळी गाऊन दाखवायच्या. बिल्ला नसेल तर कप विसळायचे. आणि सभेत स्वतःच्या धंद्याची जाहिरात केली, तर कोट उलटा घालून सगळ्यांना चहा वाटायचा. हा सगळ्यांत मोठा गुन्हा. कोतवाल पेशाने दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना गप्प बसवतो आणि आठवड्यातून एकदा त्याचं उट्टं काढतो, असं त्यांच्याबद्दल म्हणायचे.

असं म्हणायचे वहिनींचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान, आणि कोतवाल त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. त्या काळात एक सभा अशी गेली नाही की वहिनींना शिक्षा झाली नाही. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत बसवून त्या दुकानाला कुलूप लावून घरी निघून आल्या होत्या. ती गोष्ट कोतवालांनी पाच वेळा सांगितली आणि दर वेळी त्या म्हाताऱ्याचे हाल वाढवत नेले. पाहुण्यांच्या चहात मीठ पडलं तेव्हा नवऱ्याला डोळ्यांनी दटावून तो पूर्ण प्यायला लावल्याबद्दल त्यांना उभं राहून पाककृती सांगावी लागली. वहिनी लाल व्हायच्या, भांडायच्या, दाद मागायच्या. यजमान छताकडे बघत बसायचे, जसा काही त्या बाईशी आपला संबंधच नाही. कोतवालांना घरातलं कळतं कसं, हे वहिनींना कधी उमगलं नाही. शेजारीण त्यांच्याकडे दात भरायला जायची. वहिनींचा सगळा राग त्या बिचारीवर.

मग यजमान गेले. दुकानात काउंटरच्या मागे, खुर्चीत बसल्या बसल्या. महिन्याभराने वहिनी सभेला आल्या तेव्हा सगळे उठून उभे राहिले. तेव्हापासून त्यांना कुणी बसल्या जागचं उठू दिलं नव्हतं.

क्लबात जुने चष्मे गोळा होत. घरोघरी ड्रॉवरमध्ये पडून राहिलेले चष्मे आणायचे, पुसायचे, नंबर पाहून वेगळे करायचे, आणि शिबिरात ज्याला जो चालेल तो द्यायचा. अख्ख्या क्लबात भिंगाचा नंबर कळणारं माणूस एकच, आणि त्या माणसाला म्हणायचे, वहिनी, तुम्ही आराम करा. रंगवाले अध्यक्ष आणि मेट्रनबाई अंदाजाने वाटणी करायचे. मागच्या शिबिरात एका आजोबांना लांबचा चष्मा वाचायला दिला गेला आणि ते बिचारे पेपर हातभर लांब धरून आभार मानत राहिले, हे वहिनींच्या कानावर आलं होतं.

त्यांनी काय काय करून पाहिलं. बिल्ला विसरल्या. सभेत फोन वाजू दिला. पाहुणे वक्ते बोलत असताना सरळ डोळे मिटून घेतले. तर मेट्रनबाईंनी हळूच त्यांच्या अंगावर शाल घातली आणि वक्त्याने आवाज लहान केला.

आज मात्र त्यांनी मनाशी ठरवलं होतं. हा शेवटचा प्रयत्न. आजही काही झालं नाही, तर अध्यक्षांना सांगून मोकळं व्हायचं. पुढच्या आठवड्यापासून दुकानातून थेट घरी. घरात निदान भिंती तरी उगाच मान हलवत नाहीत.

खुशालीची फेरी सुरू झाली. एकेकाने उठून आठवड्यातलं बरं काही सांगायचं. कुणाच्या नातवाला दात आला, कुणाची बदली टळली. वहिनींची पाळी आली तेव्हा अध्यक्ष म्हणाले की त्यांना बसूनच बोलू दे. वहिनी उभ्या राहिल्या.

“माझ्या दुकानात नव्या फ्रेमा आल्यात,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “हलक्या, न वाकणाऱ्या. गावात दुसरीकडे मिळणार नाहीत. सगळ्यांनी यावं, घरच्यांना घेऊन यावं. दोन घेतल्या तर तिसरीवर सूट.”

इतकी उघड, इतकी निर्लज्ज जाहिरात या भिंतींनी ऐकली नव्हती. वहिनी उभ्याच राहिल्या. कान तापले. कितीतरी दिवसांनी, पूर्वीच्या सभांसारखे. आता कोतवाल उठतील, घसा खाकरतील.

“छान,” अध्यक्ष म्हणाले. “फार छान वहिनी. आम्ही नक्की येऊ.”

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मेट्रनबाईंचे डोळे ओले झाले. कोतवाल बुटांकडे बघत होते.

पुढच्याच क्षणी रंगवाल्यांनी तोंडावर हात न ठेवता लांबलचक जांभई दिली, आणि कोतवाल उठले. घशातून बुटाचं मापसुद्धा दिसलं, असं म्हणून त्यांनी अध्यक्षांना दोन ओळी गायला लावल्या. सगळे हसले. अध्यक्ष बेसूर गायले. पण कोतवालांचा आवाज दमलेला होता. रोजच्या वाटेने पाय आपोआप चालावेत तसा. ते खाली बसले आणि कपाळ चोळत राहिले. वहिनींच्या ते लक्षात आलं, आणि लक्षात येऊनही राग गेला नाही.

सभा उठल्यावर चहा झाला. वहिनींना कप जागेवर आणून दिला गेला. त्यांनी तो तसाच ठेवला आणि त्या सरळ मागच्या टेबलाकडे गेल्या, जिथे चष्म्यांची खोकी होती. कोतवाल एकटेच बसून काचा पुसत होते.

“तुम्ही कशाला, वहिनी,” ते अर्धवट उठत म्हणाले. “बसा ना तिकडे.”

“बसून बसून थकले, भाऊजी.”

त्यांनी एक चष्मा उचलला, हातभर लांब धरला आणि खिडकीच्या चौकटीकडे पाहत भिंग डावी-उजवीकडे हलवलं. चौकटीची रेघ भिंगाच्या उलट पळाली. जवळचा. तो ज्या खोक्यात पडला होता त्यावर ‘लांबचे’ असं लिहिलं होतं. त्यांनी तो बाजूला काढला. दुसरा उचलला. तोही चुकीचा. तिसरा. खोकं जवळजवळ सगळंच उलटंपालटं होतं. कोतवाल पाहत राहिले. टेबलावर चष्म्यांच्या दोन रांगा लांबत गेल्या.

“मी पुढच्या आठवड्यापासून येत नाही,” वहिनी भिंगातून नजर न काढता म्हणाल्या. “अध्यक्षांना सांगणारच आहे. म्हटलं आधी तुम्हाला सांगावं.”

“का? कुणी काही बोललं?”

“कुणी काही बोलत नाही, म्हणूनच.”

कोतवालांनी हातातली काच पुन्हा पुसायला घेतली. ती आधीच लख्ख होती.

“आज मी भर सभेत दुकान मांडलं, भाऊजी. तुम्हाला ऐकू आलं नाही, असं म्हणू नका.”

“आलं.”

“मग?”

पलीकडे कुणीतरी खुर्च्या एकात एक घालत होतं. त्या खडखडाटात ते काही म्हणाले, ते वहिनींना ऐकू आलं नाही. खडखडाट थांबल्यावर त्यांनी पुन्हा सांगितलं.

“भिंग्या यायचा माझ्याकडे. सभेच्या आदल्या दिवशी.”

यजमानांना त्या नावाने हाक मारणारा हा एकच माणूस होता.

“दवाखान्यात,” कोतवाल म्हणाले. “पेशंटच्या खुर्चीत आडवा व्हायचा. दाताला हात लावू द्यायचा नाही. नुसता सांगत बसायचा. आज हिने असं केलं, काल हिने तसं केलं. सांगता सांगता त्यालाच इतकं हसू यायचं की निम्मं मला कळायचं नाही. ते मी इकडे मनाने जोडायचो. बाहेर पेशंट ताटकळलेले. मी म्हणायचो, बाबा रे, एका बाईने आठवड्यात करून करून काय करावं, ऊठ आता. तर म्हणायचा, थांब, खरी गंमत राहिलीच.”

वहिनींच्या हातातलं भिंग हवेत तसंच राहिलं.

“शपथ घेतली होती त्यांनी,” त्या सावकाश म्हणाल्या. “माझ्या गळ्याची. मी कशाला सांगू, म्हणाले होते.”

“ती शपथही मला सांगितली होती.”

त्या हसल्या नाहीत. शेजारणीशी धरलेला सगळा अबोला त्यांच्या डोळ्यांपुढून गेला. मग तो म्हातारा गिऱ्हाईक, मिठाचा चहा, छताकडे लागलेली ती साळसूद नजर. दर आठवड्याला एक माणूस कामधंदा सोडून दुसऱ्याच्या खुर्चीत जाऊन पडत होता, आणि तिथे त्याला बोलायला दुसरा विषय नव्हता.

“लोकांना वाटतं, मी तुमचं मन राखतो,” कोतवाल म्हणाले. “सुरुवातीला राखलंही. पण नंतर एकदा ठरवून बसलो, की आज वहिनींना धरायचं. आणि काही सुचेना. तुमच्या उशिराला धरू? बिल्ल्याला? ते तर कुणालाही धरतो. तुमचं म्हणून काही हवं ना. मला आता तुमचं काहीच माहीत नाही, वहिनी. कोण सांगणार?”

त्यांनी काच खाली ठेवली. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून वाकून खांदे कायमचे पुढे आलेले. या माणसाच्या खुर्चीतही वर्षभर कुणी नुसतं बोलायला बसलं नव्हतं, हे वहिनींना आत्ता दिसलं.

मेट्रनबाई लांबून हाक मारत होत्या, रिक्षा बोलावू का म्हणून. वहिनींनी हातानेच नको म्हटलं, आणि खुर्ची ओढून त्या कोतवालांच्या समोर बसल्या.

“कुणाला सांगितलं नाहीये,” त्या म्हणाल्या. “लेकीलासुद्धा नाही.”

कोतवाल खुर्चीत पुढे झुकले.

“मागच्या आठवड्यात मी चौकातल्या त्या नव्या चष्मेवाल्याकडे जाऊन डोळे तपासून आले.”

“तुम्ही?”

“माझे डोळे हेच तपासायचे. आपले आपल्याला नाही तपासता येत. जुन्या चष्म्यावर रेटलं इतके दिवस, पण शेवटी फ्रेमचा स्क्रू दिसेनासा झाला. मग दुकान बंद केलं, डोक्यावरून पदर घेतला आणि गेले. नाव खोटं सांगितलं. काय करता विचारलं तर म्हटलं, शिकवण्या घेते.”

कोतवालांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“मग?”

“मग काय. बरा होता मुलगा. अंधार केला, समोर अक्षरं लावली, आणि एकेक भिंग घालून विचारायला लागला, हे बरं की हे बरं. मला एक अक्षर दिसत नव्हतं, भाऊजी. डोळ्यांना नुसती धार लागलेली. पण त्याला काय सांगू? मी आपलं म्हणत गेले, हे बरं. हेही बरं. सगळंच बरं.”

त्यांनी नाकावरचा चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

“हा त्यानेच दिलेला नंबर. आत्ता मला तुम्ही दीड दिसताय.”