मागे वळणारा ठिपका

हसू नका मित्रांनो, पण मी एक ठिपका आहे. हिरवा, मोहरीएवढा आणि आता बराच जुना.

माझा जन्म एका इंजिनिअरबाईंच्या कॉम्प्युटरमध्ये झाला. त्यांनी पडद्यावर एक तीन मजली शाळा उभी केली आणि मुलांच्या जागी आम्हा ठिपक्यांना बसवलं. आग लागली तर सगळी मुलं सुखरूप बाहेर पडतील का, ते आम्ही आधीच पळून दाखवायचं. घंटा वाजली की आम्ही सरळ जिन्याने खाली. ना धक्काबुक्की, ना रडारड! इंजिनिअरबाई खूश, आणि आम्हीही चांगलेच फुशारलो.

मग खऱ्या शाळेत सराव झाला आणि आमचं पितळ उघडं पडलं. घंटा होताच पहिल्या मजल्यावरची एक मुलगी खाली यायचं सोडून वर धावली. वरच्या बालवर्गात तिचा धाकटा भाऊ होता. तिच्यामागे आणखी ताया-दादा निघाले आणि जिन्यात ही कोंडी झाली! खरी आग असती तर?

"अगं, सरळ खाली का नाही गेलीस?" इंजिनिअरबाईंनी विचारलं.

"आणि छोटूला वर ठेवून जाऊ?" मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली.

इंजिनिअरबाईंचा चेहरा उतरला. आम्हाला पळायला शिकवताना भावंडं त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. त्याच दिवशी त्यांनी मला एक छोटा पिवळा भाऊ दिला. काय सांगू मित्रांनो, मला पहिल्यांदाच आपलं असं कोणी मिळालं! आता घंटा वाजली की मी मागे वळायचो, आणि दर वेळी जिना तुंबायचा. नाना खटपटी झाल्या. शेवटी त्यांनी पडद्यावरचा बालवर्ग उचलून तळमजल्यावर, दाराजवळ आणला, आणि आम्ही भराभर बाहेर पडलो.

"पण खाली माझं ऑफिस आहे!" खऱ्या शाळेतही तसंच करायचं म्हटल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"ते जाईल वर."

"आणि माझे गुडघे?"

इंजिनिअरबाईंनी त्यांना माझी जुनी धाव दाखवली. मी जिन्यात अडकलेला, पिवळा वर एकटा. मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसला. दुसऱ्याच दिवशी त्यांचं टेबल वर चढलं.

पुढे एकदा प्रयोगशाळेत खरोखरच धूर झाला. ताया-दादा खाली आले, दाराशी भावंडांचे हात धरले आणि सगळे मैदानात पोचले. शेवटी मुख्याध्यापिका आल्या, गुडघ्यांना बोल लावत, पण हसत.

आता माझ्याहून हुशार ठिपके आलेत. मला फारसं कोणी उघडत नाही. असू दे, पिवळा आहे सोबतीला. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: जिन्यात दप्तरं टाकू नका, सरावात खिदळू नका आणि घंटा वाजली की उलटं वर धावू नका. तुमचा छोटू खाली दाराशी तुमची वाट बघतोय.