धक्क्यावरचा भोंगा

मालाडच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात मच्छीमारांच्या सोसायटीने चौऱ्याऐंशी साली चार भोंगे बसवले. वादळाची खबर आली की ऑफिसातल्या माइकवरून ती सगळ्या वस्तीत जायची. बिघाड झाला की अंधेरीच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानातून दत्ताराम घाडी यायचा.

दोन वर्षांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, अ‍ॅम्प्लिफायर लागोपाठ दुसऱ्यांदा बंद पडला. दत्तारामने झाकण उघडलं. गेल्या खेपेला घातलेले आउटपुटचे ट्रान्झिस्टर पुन्हा जळाले होते.

"माल डुप्लिकेट घातलास काय रे?" सोसायटीचे सेक्रेटरी लहू पाटील म्हणाले.

"माल बरोबर आहे, लहूशेठ. बाहेर कुठेतरी दोन वायरी चिकटल्यात. तो लोड मशीनवर येतोय."

त्याने मागच्या चारही लाइनी सोडवल्या आणि एकेकीला मीटर लावला. तीन ठीक होत्या. धक्क्याकडच्या लाइनीवर काटा थेट शून्यावर गेला, म्हणजे वायरी तिथेच चिकटल्या होत्या. ती वायर हाताने चाचपत तो मंजुळा नावाच्या कोळणीच्या घरापर्यंत पोहोचला. भोंगा तिच्याच छपराखाली टांगलेला होता. खिडकीपाशी वायरीत शिवणाची सुई आरपार टोचलेली होती, चमकून दिसू नये म्हणून वरून काजळी फासलेली.

मंजुळा दारात येऊन उभी राहिली.

"मीच टोचली," ती म्हणाली.

"का, वहिनी?"

तिने आत मान वळवली. आत तिची सासू अंजनाबाई सुकट निवडत बसली होती.

मंजुळाचा नवरा चंदर गेल्या साली बोटीसकट गेला. तेव्हा शोध चालू असताना परत आलेल्या एकेका बोटीचं नाव भोंग्यावरून सांगत. चंदरच्या बोटीचं नाव आलं नाही. तेव्हापासून भोंगा खरखरला की म्हातारी हातातलं टाकून धक्क्यावर धावायची. एकदा पडून मनगट मोडून घेतलं होतं.

"सोसायटीत सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. वादळाची खबर बंद करता येत नाही म्हणाले. ते पण खरंच आहे ना. माझा दीर जातो बोटीवर."

दत्तारामने सुई काढून तिच्या हातात दिली. "पुन्हा टोचू नका. मशीन बंद पडलं तर वादळाची खबर कोणालाच कळणार नाही."

ऑफिसात येऊन त्याने लहू पाटलांना सांगितलं, की त्या भिंतीवर वायर टिकत नाही, भोंगा बर्फाच्या कारखान्यावर हलवू या, तिथून धक्क्यावर आवाज जाईल. पाटलांनी समोरची वही मिटली.

"मंजुळाच्या घरावरचा ना? ने," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत भोंगा हलला. नवे ट्रान्झिस्टर घातले, माइकवर पाटील खोकले आणि तो खोकला चारही टोकांना नीट ऐकू आला.

गणपतीनंतर दत्ताराम पुन्हा साफसफाईला आला, तेव्हा अंजनाबाई कारखान्याच्या ओट्यावर, भोंग्याच्या बरोबर खाली बसलेली दिसली. चार कोळणी टोपल्या घेऊन बर्फाची वाट बघत होत्या आणि ती त्यांना काहीतरी सांगत होती. मंजुळा तिला न्यायला आली होती.

दत्ताराम ओशाळला. "रोज येतात? भोंगा आणखी लांब नेऊ का?"

"नको, भाऊ," मंजुळा म्हणाली. "घरी असली की तोंड उघडत नाही. इथं बोलते तरी."

तीही ओट्यावर टेकली. दत्तारामने शिडी लावली, वर चढून भोंग्यातलं चिमणीचं घरटं बाजूला काढलं आणि खाऱ्या हवेने गंजलेला स्क्रू बदलायला घेतला.