अर्धी राहिलेली दाढी

मी एक जुनी न्हाव्याची खुर्ची आहे. माझा पाय ओतीव लोखंडाचा, पाठ कातड्याची, डोकं टेकायला वरखाली सरकणारी उशी आणि उजव्या बाजूला एक लांब दांडा. तो दांडा दाबत गेलं की मी बसलेल्या माणसासकट वर जाते आणि सोडला की सुस्कारा टाकत खाली येते. मित्रांनो, लहानपणी तुम्ही माझ्यासारख्या एखादीच्या हातांवर आडवी फळी टाकून बसला असाल आणि कात्री कानाजवळ आल्यावर डोळे गच्च मिटून घेतले असाल, तर आपली ओळख जुनीच म्हणायची.

मला बनवलं त्या कारखान्यात एक भलताच जाडा माणूस नोकरीला होता. तयार झालेल्या प्रत्येक खुर्चीवर धपकन बसायचं आणि गरागरा फिरायचं, एवढंच त्याचं काम. तो माझ्यावरून उठला आणि म्हणाला, "पास!" माझ्या आयुष्यातली ती पहिली आणि शेवटची परीक्षा. त्यामुळे परीक्षा म्हणजे कोणाचं तरी वजन पेलायचं, असं मी बरीच वर्षं समजून होते. पुढे जे पाहिलं त्यावरून वाटतं, मी फारशी चुकले नव्हते.

तिथून मी उस्तादांच्या दुकानात आले. उस्ताद हे त्यांचं नाव नव्हे, हात इतका हलका की गिऱ्हाइकांनीच ते बहाल केलेलं. दुकान एका खोलीचं. समोर भिंतभर आरसा, आरशाखाली बाटल्यांची फळी, मागे वाट पाहणाऱ्यांसाठी एक लांब बाक. त्या बाकावर बसून माणसं साऱ्या जगाचा कारभार हाकत. एक म्हणे, महागाई अमुक माणसामुळे वाढली. दुसरा म्हणे, छे, तो होता म्हणून इतकीच वाढली. उस्ताद दोघांनाही कात्री न थांबवता एकच उत्तर देत, "असं म्हणता?" आणि दोघांनाही वाटे, उस्ताद आपल्याच बाजूचे आहेत.

मी जन्मभर डोकी पाहिली. भोवरे, टकलं, झाकलेले वण, रंगवलेले केस, सगळं मला तोंडपाठ. पण हे सगळं बाहेरचं. डोक्याच्या आत काय चालतं याचा मी कधी विचारच केला नव्हता. तो करायला मला उस्तादांच्या मुलीनं लावलं.

ती या दुकानातच वाढली. शाळेतून आली की बाकाच्या टोकाला दप्तर टाकायची आणि कोणाचा नंबर आधी यावरून भांडण लागलं की निवाडा द्यायची. "काका आधी आले, पण मध्ये पेपर आणायला गेले. जाताना सांगून गेले नाहीत. नंबर यांचा." मोठी माणसं मुकाट्यानं ऐकत. गंमत म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणू लागले. नावाची सवय झाली की माणूस तसा होतो की काय कोण जाणे, पण पदवी हातात पडल्यावर ती उस्तादांना म्हणाली, "बाबा, मला खरंच लॉ कॉलेजला जायचंय."

तिच्या मामानं विमा कचेरीत तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. तो म्हणाला, "एक वर्ष थांबवून धरतो. त्यापुढे माझ्या हातात नाही." म्हणजे तिला एकच संधी होती. प्रवेश परीक्षा द्यायची, अर्ज करायचा. जमलं तर कॉलेज, नाही तर कचेरी.

दुपारी दुकान बंद असे तेव्हा ती जाडजूड पुस्तक घेऊन माझ्यावर बसायची. घरात धाकटी भावंडं, तिथं डोकं चालायचं नाही. उस्ताद बाकावर आडवे होत. एकदा त्यांनी विचारलं, "कायद्याची कलमं पाठ झाली का गं?"

"कायदा नाहीये यात, बाबा."

"कायद्याच्या परीक्षेत कायदाच नाही? मग आहे काय?"

"माणसं बोलतात ते. त्यात चूक कुठं आहे, ते शोधायचं. हे ऐका. ज्या भागात छत्र्या जास्त विकल्या जातात, तिथं सर्दीही जास्त. म्हणून छत्री वापरल्यानं सर्दी होते. यात चूक काय?"

उस्ताद उठून बसले. "उलट आहे. छत्री न वापरणाऱ्याला सर्दी होते. मला झाली होती."

ती खळखळून हसली. मग तिनं समजावलं. छत्री आणि सर्दी दोन्ही पावसामागून येतात. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं होत नाही. मित्रांनो, मी लोखंडाची असून हबकून गेले. बाकावरची माणसं इतकी वर्षं हेच तर करत आली होती! डोळ्यांना न दिसणारी एवढी मोठी चूक रोज माझ्या पाठीमागून जा-ये करत होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

विचार करताना ती पायानं जमिनीला रेटा देऊन मला थोडं डावीकडे फिरवायची, मग उजवीकडे. उत्तर सापडलं की मी थांबायची. तिच्या डोक्यात काहीतरी जुळलं, हे आधी मी जिच्यावर फिरते त्या खिळीला कळायचं. टॉवेल गरम करायच्या भांड्याचा गजर लावून उस्ताद तिची वेळ मोजायचे. सुरुवातीला गजर व्हायचा आणि पानभर प्रश्न उरायचे. ती पुस्तक मिटून आरशात स्वतःकडे बघत बसायची. महिन्यांमागून महिने गेले, तसे उरलेले प्रश्न कमी होत गेले. एक दिवस गजर झाला तेव्हा ती पेन खाली ठेवून खुशाल पाय हलवत बसली होती. माणसाचं डोकं धार लावल्यासारखं तेज होत जातं, हे मी जवळून पाहिलं, आणि अजून मला त्याचं नवल वाटतं.

पण धार आली की हात शिवशिवतोच. ती बाकावरच्यांच्या बोलण्यातल्या चुका काढू लागली. आधी सगळ्यांना मजा वाटली. लोक मुद्दाम काहीबाही बोलून तिला डिवचत. मग बाकावरच्या कापडवाल्याला राग आला आणि तो यायचा बंद झाला. शेजारचा शिंपीही कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात जायला लागला. तिथं बटण दाबलं की वर जाणाऱ्या खुर्च्या आहेत. माझी बैठक एका बाजूला फाटलेली, वर काळी चिकटपट्टी. मला वाटलं, ते माझ्यामुळेच गेले.

टपालमास्तर मात्र यायचे. निवृत्त माणूस, घरी एकटे, मुलगा दूरच्या शहरात. स्वतःची दाढी त्यांना घरी करता आली असती, पण ते माझ्याकडे यायचे आणि मान मागे टाकून मुलाबद्दल बोलायचे. त्या दिवशी त्यांच्या एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्यावर फेस होता. ते म्हणाले, "उस्ताद, मुलाचा फोन नाही बरेच दिवस. म्हणजे बढती मिळालेली दिसतेय. मोठ्या जागेवरच्या माणसाला उसंत कुठली!"

"असं म्हणता?" उस्ताद म्हणाले.

बाकावरून वकीलबाईचा आवाज आला. "आजोबा, यात चूक आहे. फोन आला नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. बढती तुम्ही वरून जोडलीत. फोन न यायला दुसरी कारणंही असू शकतात."

"दुसरी कोणती?"

"करावासा वाटत नसेल, असंही असेल."

उत्तर अचूक होतं. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते. टपालमास्तरांनी आरशात पाहिलं. गळ्याभोवतीचं फडकं स्वतःच सोडलं, त्याच फडक्यानं गालावरचा फेस पुसला आणि ते उठले. "उरलेली उद्या, उस्ताद," म्हणाले आणि अर्धी दाढी घेऊन भर रस्त्यानं चालू लागले. उद्या उजाडला, परवाही उजाडला. ते आले नाहीत.

त्या संध्याकाळी उस्तादांनी शटर अर्धं ओढलं आणि मुलीला म्हणाले, "बस इथं."

ती माझ्यावर बसली. त्यांनी माझी उशी खाली घेतली, तिची मान मागे टेकवली आणि फणीची गार कड तिच्या गळ्यावर हलकेच ठेवली. "आता माझ्याशी वाद घाल."

तिचे हात माझ्या हातांवर घट्ट आवळले गेले. फणीच होती, तिलाही माहीत होतं. तरी हात सुटेनात.

"या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्याला वस्तरा असतो, बाळा. तो बोलतो, कारण मी कापणार नाही असा त्याचा भरवसा असतो. बाकावरच्याशी वाद घाल हवा तेवढा. याच्याशी नाही."

"पण बाबा, मी खोटं थोडंच बोलले?"

"खोटं असतं तर ते हसले असते."

उस्तादांना इतकं बोलताना मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं आणि माझ्या उशीत मुरलं.

परीक्षा झाली. ती परत आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता, पेपर छान गेलाय. गुणही तसेच पडले. पण अर्जासोबत एक पान जोडायचं होतं, आपण कोण आणि आपल्याला कायदा का शिकायचाय, ते सांगणारं. ते पान तिनं कधीच लिहून ठेवलं होतं. त्याची पहिली ओळ ती मोठ्यानं वाचून दाखवायची, "कोणाच्याही बोलण्यातली चूक मला क्षणात सापडते." आता तीच ओळ तिच्या घशाखाली उतरेना. अर्जाची मुदत जवळ आली. मामाचा निरोप आला, कचेरीत काय सांगू? आणि ही आपली माझ्यावर बसून डावीकडे, उजवीकडे. मी थांबतच नव्हते.

शेवटी तिनं पान फाडलं आणि नवं लिहिलं. त्यात त्या अर्ध्या दाढीची हकीगत होती. लिहून झाल्यावर म्हणाली, "बाबा, ही गोष्ट अर्धी त्यांची आहे. त्यांना न विचारता कशी पाठवू?" ती टपालमास्तरांच्या घरी गेली आणि त्यांना घेऊनच आली. त्यांची दाढी चांगली वाढली होती. माझ्यावर बसत ते म्हणाले, "दोन्ही बाजू आता सारख्या झाल्यात, उस्ताद. नव्यानं सुरू करा." उस्ताद हसले आणि त्यांनी कात्री उचलली.

टपालमास्तरांनी चष्मा लावून पान वाचलं. दोनदा वाचलं. मग बोट ठेवून म्हणाले, "इथं तू लिहिलंयस, मी रागावून उठलो. हे खोड. मी रागावलो नव्हतो. तू बरोबर बोललीस आणि ते मला आरशात दिसलं, म्हणून उठलो."

"असं लिहू?"

"असंच लिही. चूक राहायला नको. चुका शोधणाऱ्यांकडे चाललाय कागद."

मित्रांनो, मी किती माणसं पेलली असतील! पैलवान पेलले, एक खासदारही पेलला. पण आपलं दुखणं दुसऱ्याच्या कागदावर नीट दुरुस्त करून देणारा तो म्हातारा माझ्यावर बसला होता, तेव्हा माझ्या लोखंडालाही ते वजन जाणवलं. माणसाच्या डोक्यात तर्क असतो याचं मला आधीच नवल होतं. त्याच डोक्यात हेही असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

अर्ज गेला. उत्तर यायला बराच काळ लागला. आलं तेव्हा दुकान भरलेलं होतं, कापडवालासुद्धा परतलेला, आणि खुर्चीत नेमके टपालमास्तर. मुलीनं फोनवर वाचलं, पुन्हा वाचलं आणि ती ओरडली, "बाबा, घेतलं मला!" बाकावर एकच गलका झाला. उस्ताद म्हणाले, "असं म्हणतात?" आणि वस्तरा हातात तसाच धरून त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

टपालमास्तरांना आनंद मावेना. "ही बातमी मी माझ्या मुलाला सांगतो! उस्ताद, थांबा जरा." एरवी ते फोनची वाट बघत. आपण होऊन लावताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. फेसाळलेल्या गालापासून थोडा लांब धरून त्यांनी फोन लावला. पलीकडे घंटी वाजत होती, दुकानभर ऐकू येत होती. बाकावरचा गलका एकेक करून थांबला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली आणि आपोआप बंद झाली.

टपालमास्तरांनी फोन मांडीवर ठेवला. आरशात त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. "कामात असेल," ते म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा वकीलबाईकडे वळल्या. कोणत्याही बोलण्यातली चूक जिला क्षणात सापडे, ती मोठ्या कॉलेजात निवडली गेलेली मुलगी माझ्यापाशी आली. तिनं टपालमास्तरांच्या खांद्यावरचं फडकं सारखं केलं.

"असेल, आजोबा. संध्याकाळी परत लावू. मी आहे इथं."

गालावरचा फेस सुकला होता. उस्तादांनी तो नव्यानं लावला. त्या दिवशी दाढी पूर्ण झाली.

मुलगी आता दूर शिकते. माझी चिकटपट्टी पुन्हा निघाली आहे आणि खाली येताना मी पूर्वीपेक्षा मोठा सुस्कारा टाकते. मित्रांनो, तुम्हीही शिकाल, तुमच्याही डोक्याला धार येईल, आणि ती यावीच, तिच्याएवढी नवलाची गोष्ट मी पाहिलेली नाही. पण कोणी मान मागे टाकून तुमच्या भरवशावर बसलं असेल, तर तेवढा वेळ हात हलका ठेवा. आणि कधी या बाजूला आलात, तर माझ्या दांड्यात दोन थेंब तेल घालून जा.