विष्णुपंतांचा नीलमोहर

विष्णुपंतांच्या परसातल्या झाडाला पाच वर्षांनी पहिली कळी आली, आणि ती तांबडी निघाली.

दोन दिवस त्यांनी डोळ्यांवर विश्वासच ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी अख्खी फांदी लालभडक झाली तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं. जिंतूरच्या कचेरीत पस्तीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या चुका काढलेला हा माणूस, आणि त्यालाच कुणी नीलमोहर म्हणून गुलमोहर खपवला होता! झाड नुसतं शोभेचं असतं तर चार शिव्या हासडून त्यांनी विषय सोडला असता. पण त्याच्या मुळाशी पद्मजा होती.

पद्मजा, त्यांची बायको, चारठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवायची. नीलमोहराचं तिला वेड होतं. एका जाड वहीत तिनं जगभरचे नीलमोहर कापून चिकटवले होते. प्रिटोरियाचे जांभळे रस्ते, लिस्बनमधले चौक, मेक्सिकोतल्या फुलांखाली बुडालेल्या मोटारी. "तिकडं ऑक्टोबरात, इकडं मार्चात," ती म्हणायची. "नुसतं त्याच्या मागं फिरत राहिलं तरी जन्म निळ्या सावलीत जाईल बघा." विष्णुपंत म्हणायचे, "आधी परभणीला तर जाऊन ये." मग करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती खरंच परभणीला गेली, ॲम्ब्युलन्समधून, आणि मडक्यातून परत आली.

ती राख त्यांनी नदीत सोडली नाही. परसात खड्डा घेऊन तिच्यावर नीलमोहराचं रोप लावलं. रोज संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून ते वही वाचून दाखवायचे, आणि जे पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं ते झाडाला सांगायचे. शेवटच्या दिवशी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, दवाखान्यातून तिचा फोन आला होता. तिची धाप ऐकवणार नाही म्हणून त्यांनी तो उचलला नाही. हातात धरून नुसते बघत राहिले, आणि वाजून वाजून तो थांबला. पुन्हा आला नाही.

पाच वर्षं ते माफी मागत होते. पण झाडाखाली काहीतरी परकं होतं. बसलं की विडीचा वास यायचा. पाठीमागं कुणीतरी खाकरायचं. घरात विडी ओढणारं कुणी नव्हतं, आणि भुताखेतांवर विष्णुपंतांचा विश्वास नव्हता, म्हणून ते फक्त खुर्ची जरा सरकवून घ्यायचे.

रोप घेतलं होतं परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या योगीराजच्या रोपवाटिकेतून. विष्णुपंत भांडायच्या तयारीनंच गेले.

"काका, माझं रोप गलत न्हाई," योगीराज म्हणाला. "ल्हान असताना दोन्हीची पानं एकसारखीच दिसतेत, म्हणून मी लय जपतो. त्या दिवशी येलदरीच्या सुलाबाई बी आल्त्या. त्याबी मालकाची राख घेऊन घरी निघाल्या व्हत्या. त्यांनी गुलमोहर घेतला."

विष्णुपंतांना ते सगळं आठवलं. राखेचं मडकं जमिनीवर टेकवायचं नाही, म्हणून दोघांनी आपापलं मडकं फाटकाजवळच्या कडुलिंबाला टांगलं होतं. मडकी सारखी, दोन्हींना पांढरं फडकं. ज्याचं रोप त्याच्या मडक्याखाली योगीराजनं ठेवून दिलं होतं. निघताना रडून डोळ्यांना दिसत नव्हतं, तोंडावर मास्क, मागं गाडीवाल्याची घाई. त्यांनी मडकं काढलं आणि त्याच्या खालचं रोप उचललं.

"रोप बदललं असंल, काका," योगीराज खाली बघत म्हणाला, "तर मग..."

विष्णुपंतांच्या पायाखालची जमीन सरकली. झाड दुसऱ्याचं, तर त्याखालचं माणूसही दुसऱ्याचंच होतं.

दुसऱ्या दिवशी ते येलदरीला गेले. सुलाबाईचं घर शोधावं लागलं नाही. धरणाच्या रस्त्यावरूनच ते झाड दिसलं. पान जवळजवळ नाहीच, नुसतं फूल. अंगणातली माती निळी, पत्रे निळे, बांधलेल्या शेळीच्या पाठीवरही फुलं पडलेली. वहीतलं एकही चित्र ह्याच्या जवळपास येत नव्हतं. विष्णुपंतांना उभ्या उभ्या रडू फुटलं.

सुलाबाईचे मालक नागनाथ धरणावरच्या वीजघरात कामाला होते. बाईनं बाजेवर बसून सगळं ऐकून घेतलं.

"विडीचा वास म्हणलात का?" तिनं विचारलं.

"हो."

"अन् खाकरायचे?"

"रोज."

तिनं पदर तोंडाला लावला. "त्यान्ला गुलमोहरच पायजे व्हता. आमचं लगीन कॉलनीतल्या गुलमोहराखाली लागल्तं. हितं निळी फुलं आली तवा मला वाटलं, जयभीमवाल्याचं झाड हाय, निळंच फुलणार. मी कशाला कुणाला विचारू?" मग ती म्हणाली, "तुमच्याकडं बरे हायेत का ते?"

"पाच वर्षं माझं रडगाणं ऐकतायत."

ती हसली, आणि हसता हसताच रडली. "ऐकून घेतेत ते. मला बी कदी उलटून बोलले न्हाईत."

राख परत न्यायची असं ठरवून विष्णुपंत आले होते. त्यांनी बुंध्याकडं पाहिलं. मुळं अंगणभर पसरली होती. कुणाला कुठून उपटायचं?

"साहेब, एक सांगू का?" सुलाबाई आवाज उतरवून म्हणाली. "ह्या झाडापाशी फोन वाजतो. फुलोऱ्याच्या दिवसात, दुपारी चारच्या पुढं. ट्रिंग ट्रिंग, जुन्या फोनसारखा. वाजून वाजून बंद पडतो. मी लय शोधला. म्हणलं, कुणाचा हाय, कुणी उचलत का न्हाई?"

विष्णुपंतांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून अठरा मिनिटं झाली होती. त्यांना उठून पळावंसं वाटलं.

मग फोन वाजला. त्यांच्या खिशातला नव्हे, तो तर मुका होता. त्यांनी पाच वर्षांपूर्वी फेकून दिलेल्या फोनचा तो आवाज होता, बुंध्याजवळून येणारा, अगदी स्पष्ट. वरून फुलं गळत होती.

सुलाबाई उठली आणि शेळी सोडून घराकडं निघाली. दारातून ती म्हणाली, "उचला आता."

विष्णुपंत झाडापाशी गुडघ्यावर बसले. रिकामा हात त्यांनी कानाला लावला. वाजणं थांबलं. आधी नुसती धाप ऐकू आली, लांबलांब, तुटक. त्यांनी हात खाली घेतला नाही.

"बोल पद्मजा," ते म्हणाले. "मी ऐकायलोय."