गुडाखूची दुसरी डबी

पाऱ्यात, म्हणजे आपल्या वस्तीत, कोण काय घेतो, हे शेवंताबाईंना तोंडपाठ होतं. समोरचा सुशील प्यायला की बायकोला अहो-जाहो करतो. मागच्या गल्लीतली शारदा खोकला नसताना खोकल्याचं औषध पिते. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या, नशा न करण्याच्या शीलाशी कुणाचा आवाज बारीक होतो, तेही त्या डोळे मिटून सांगत. स्वतः त्या ते शील खणखणीत म्हणत. हिरडीला सकाळचं गुडाखू असे, पण तंबाखूचा तो काळा लगदा म्हणजे मंजन. माणसानं दात घासायचे नाहीत का?

या यादीत पोटच्या पोराचं नाव मात्र फार उशिरा चढलं. यशदीप सिलतऱ्याच्या एका कारखान्यात भट्टीवर होता. पाळ्या बदलत, झोप येईना, म्हणून एक गोळी. मग चार. मग दहा, आणि कारखान्यानं घरी पाठवलं. नवा रायपूरच्या वाटेवरल्या व्यसनमुक्ती केंद्रात चार महिने थांबून पलंग मिळाला, त्याला आज एकोणीस दिवस झाले होते. नियम एकच कडक होता: पेशंटसाठी घरच्यांनी नशेची वस्तू आणली, तर पेशंट त्याच दिवशी बाहेर.

मागच्या रविवारी यशदीप म्हणाला होता, "मम्मी, तुम्हारावाला मंजन ले आना. दाँत दुख रहा है." पोरानं कित्येक महिन्यांनी आईला काही मागितलं. बाईंनी आणलं.

केंद्राच्या दारातल्या टेबलावर साक्षीनं पिशवी उपसली. ही इथली समुपदेशक, भाचीच्या वयाची पोट्टी. बनियन, चिवडा आणि दोन डब्या.

"आई, हे काय?"

"मंजन."

"गुडाखू आहे."

"मग? तुमच्याकडे दात नाही घासत का?"

"माझी आजी पण हेच म्हणते," साक्षी म्हणाली. "तंबाखू आहे न त्याच्यात. यशदीपसाठी आणलं असन तर मले आजच त्याले घरी पाठवा लागते. पलंगासाठी सव्वीस जण थांबून आहेत."

शेवंताबाईंनी सव्वीस हा आकडा ऐकला. "माझं आहे," त्या म्हणाल्या.

"ही उघडलेली तुमची. अन् ही सीलबंद?"

"तीही माझीच. एका डबीत भागत नाही माझं."

पोराला वाचवायला बोलल्या होत्या, पण बोलल्यावर त्यात खोटं काही सापडेना.

साक्षीनं फॉर्म काढला. यशदीपच्या वेळी भरला होता, तसलाच. "दिवसातून किती वेळा?"

उठल्यावर, संडासला जायच्या आधी. चहावर. भाजी चिरताना. बाई बोटांवर मोजत गेल्या. "आठ."

"नाही लावलं तर?"

"डोकं चढते. कोणावरही खेकसते मी."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

सही करताना लाज वाटायला हवी होती. त्यांनी जरा वाट पाहिली. जीभ हिरडीवर फिरवली, तर तिथंही काही कळत नव्हतं.

"मग यशदीपचा पलंग?" बाईंनी विचारलं.

"राहील त्याचा. पण पुढच्या रविवारपासून घरच्यांच्या बैठकीत तुम्ही पेशंट म्हणून बसायचं. डब्या इथेच."

"हव," बाई कबूल झाल्या.

यशदीप बाहेर आला तो आधी पिशवीकडे पाहत. "लाई हो?"

"नाही."

"तो फिर काहे को आई?"

त्यांनी चिवडा दिला. त्यानं तो न उघडता मांडीवर ठेवला. भेटीची वेळ अर्धा तास होती, आणि दोघं बाकावर गेटकडे तोंड करून बसले. बाहेरच्या रुंद रस्त्यावरून एक गाडी गेली. बऱ्याच वेळानं दुसरी.

"तिनं पकडलं," बाई म्हणाल्या. "माझंच आहे म्हणून लिहून दिलं मी. आठ वेळा लावते म्हणून."

"आठ?" यशदीप हसला नाही, रागावलाही नाही. "दोपहर का? टीवी के टाइम का? सोने से पहले का? ग्यारह है मम्मी. हम बचपन से देख रहे हैं."

शेवंताबाईंनी पुन्हा मोजलं. अकराच भरत होते.

"बस इथं," म्हणत त्या उठल्या आणि साक्षीच्या टेबलाशी गेल्या. फॉर्म अजून वरच होता.

"पोरी, आकडा चुकला माझा," त्या म्हणाल्या. "पेन दे."