पाटी मधातच पाहिजे

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. किती जुनी, हे विचारू नका. माझ्यामागे धावत ज्या पोरांनी धूळ खाल्ली, ती आता काठी टेकत चालतात. त्यावरून काय तो अंदाज बांधा. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथली भाषा मला आठवत नाही, आणि आठवली असती तरी मोहाडी तालुक्यात तिचा काही उपयोग झाला नसता.

तुमसरच्या एका राइस मिलवाल्या शेठजींनी मला आणलं. त्या काळी माझं फार कौतुक झालं. धानाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, घेऊन आलेले लोक आधी माझ्या काचेत पाहून टोपी सरळ करत आणि मग मिलमध्ये शिरत. माझ्या अंगावरचा कोंडा पुसायला एक माणूस स्वतंत्र ठेवला होता. पुढे शेठजींनी नवी गाडी घेतली. तो माणूस फडकं घेऊन तिच्याकडे गेला तो गेलाच.

मग मला मोहाडीजवळच्या एका गावातल्या परसरामने घेतलं. त्याने माझ्या टपावर दोन भोंगे बांधले. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक होतं. कोणत्या गावी कोणतं नाटक, हे ओरडून सांगत आम्ही शेतांच्या धुऱ्याधुऱ्यांच्या, बांधाबांधांच्या रस्त्याने फिरत असू. परसरामचा आवाज असा, की नाटकात रडायचं कुठे आहे हे लोकांना जाहिरातीतच कळे.

तेव्हापासूनच माझा सेल्फ-स्टार्टर बंद आहे. त्याचे भाग आता मिळत नाहीत. पण माझ्या पुढच्या बंपरच्या बरोबर मध्यभागी एक भोक आहे. त्यात लोखंडी हँडल घालायचं, जोर लावून गरकन फिरवायचं, की मी सुरू होते. चाबी फक्त मला बंद करते. मित्रांनो, हे नीट ध्यानात ठेवा. त्या दिवशी मैदानात हे एका पोरीशिवाय कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

परसराम गेला आणि मी गोठ्यात गेले. माझ्या मागच्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली. परसरामची बायको केशरबाई मला विकू देईना आणि कोणी पुसेनाही. तिचा मुलगा भूपेश रोज माझ्याकडे पाहून एकच म्हणायचा, ‘‘एवढ्या जागेत थ्रेशर मावते.’’

माझं नशीब उघडलं ते भूपेशच्या मुलीमुळे. दुर्गा भंडाऱ्याला आयटीआयमध्ये मोटारमेकॅनिकचं शिकली. तिने मला खोललं, घासलं, पुन्हा जोडलं. या मंडईत पुन्हा भोंगे बांधायचे आणि स्वतः माईक धरायचा, असं तिने ठरवलं होतं. गावोगावच्या मंडळांना तिने शब्दही देऊन टाकला होता. फक्त रस्त्यावर यायचं तर माझी जुन्या गाड्यांत नव्याने नोंदणी हवी होती, आणि पुढे आणि मागे नव्या नंबराच्या पाट्या.

तपासणीच्या दिवशी सकाळी भूपेशने आपली अट सांगितली. ‘‘पास झाली तं ठेव. नाही झाली तं सांजेले कारध्याचा भंगारवाला उचलून नेते. मी त्याले बोलून ठेवलं हाय. मंग रडू नोको.’’

‘‘नाही रडत,’’ दुर्गा म्हणाली आणि तिने हँडल फिरवलं.

केशरबाई त्या वेळी घरात पूजेचं ताट भरत होती. ती नेहमीच घरात काहीतरी भरत असे. त्यामुळे इतक्या वर्षांत मला सुरू करताना तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

भंडाऱ्यात गाड्या तपासतात त्या मैदानावर आम्ही पोहोचलो. नुकतीच गिट्टी टाकलेली होती. रांगेत ऑटो, छोटे हत्ती म्हणतात ते टेम्पो, ट्रॅक्टर, आणि सगळ्यांत शेवटी मी. दुर्गाने मला चालूच ठेवलं होतं. पाट्या बसवणारा गोलू कडुनिंबाखाली पेटी उघडून बसला होता. त्याने माझी मागची पाटी बसवली आणि पुढे आला.

‘‘गोलूभाऊ, ही डाव्या बाजूले, दिव्याच्या खालतं,’’ दुर्गाने आपण बनवून आणलेली पट्टी दाखवली. ‘‘मधात लावू नोका. मधात भोक हाय.’’

‘‘दिसलं ना मले,’’ गोलू म्हणाला.

तेवढ्यात कचेरीच्या खिडकीवरून दुर्गाच्या नावाचा पुकारा झाला. चेसिस नंबराच्या कागदावर सही राहिली होती. ‘‘बाबा, लक्ष ठेवा, बंद पडू देऊ नोका,’’ असं म्हणून ती गेली. बाबांनी मान हलवली. बाबा फोनवर होते. फोनवर भंगारवाला होता.

गोलूने पाटी डाव्या बाजूला धरली. केशरबाई ताट घेऊन उतरली आणि जागीच थांबली.

‘‘हे का करून राहिला रे बाप्पा?’’

‘‘पोरीनं तसंच सांगतलं, माय.’’

‘‘पोरीचं लगन नाही झालं अजून. नवरीले कुंकू का कानापाशी लावतेत? पाटी मधातच पाहिजे.’’

समोरच्या ट्रॅक्टरवरून मालक खाली उतरला. स्वतःचं काम अडलेलं असलं की माणसाला दुसऱ्याच्या कामात फार बारकाईने दिसतं. ‘‘माय बरोबर बोलून राहिली,’’ तो म्हणाला. ‘‘तिरपी पाटी म्हंजे अपशकुन.’’

‘‘पन भोक झाकते ना,’’ गोलू म्हणाला.

‘‘झाकू दे,’’ केशरबाई म्हणाली. ‘‘भोक का लोकाइले दाखवाले ठेवलं हाय? लाज झाकली जाते थे बरंच.’’

गोलूने शेवटचा उपाय म्हणून भूपेशकडे पाहिलं. भूपेशने फोनवर हात ठेवला. ‘‘लाव ना बे, कुठंबी लाव,’’ तो म्हणाला आणि पुन्हा फोनला कान लावला.

मित्रांनो, या नव्या पाट्यांचे लॉक एकदाच बसतात. एकदा आत गेले की पाटी तोडल्याशिवाय निघत नाहीत. चोरांनी पाट्या बदलू नयेत म्हणून ही सोय आहे. मी चोर नव्हते, तरी मला कट् असा आवाज ऐकू आला, आणि मग दुसरा कट्. माझ्या सुरू होण्याच्या एकुलत्या एका वाटेवर सरकारी नंबर बसला. दिसायला मी त्या क्षणी अतिशय देखणी दिसत होते, असं लोक म्हणाले.

अजूनही काही बिघडलं नव्हतं. मी चालू होते. गाड्या तपासणारे साहेब रांगेच्या पहिल्या ऑटोपाशी होते. मी नुसती धडधडत राहिले असते तरी निभावलं असतं.

केशरबाईने पाटीला हळद लावली, नारळ फोडला, निरांजन लावलं आणि हात जोडले. मग डोळे उघडले. ‘‘देवाच्या कामात हे घुरघूर कायले?’’ असं म्हणत ती खिडकीशी आली, आत हात घातला आणि चाबी फिरवली.

मी बंद झाले.

मैदानात अचानक शांतता झाली. केशरबाईला ती फार आवडली. तिने अख्खी आरती सावकाश म्हटली. ट्रॅक्टरवाल्याने टाळ्या वाजवल्या. साहेब दुसऱ्या ऑटोपाशी आले. मी ओरडू शकत नव्हते. माझा हॉर्नही दुसऱ्याने दाबावा लागतो.

दुर्गा कागद हलवत धावत आली आणि दहा पावलांवरच थबकली. तिला आधी माझी धडधड ऐकू आली नाही, मग पाटी दिसली.

‘‘चाबी कोनं फिरवली?’’

‘‘मी,’’ केशरबाई म्हणाली. ‘‘आता फिरव ना उलटी.’’

‘‘उलटी फिरवून चालू होत नाही, आजी. हँडल मारा लागते. आन हँडल जिथून जाते तिथं तुमी...’’ तिने नुसतं बोट दाखवलं.

केशरबाईने पाटीकडे पाहिलं. पाटीच्या मागे काय आहे ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. ‘‘मले कोनं सांगतलं नाही,’’ ती म्हणाली, पण तो आवाज नेहमीचा नव्हता.

गोलूने छिन्नी काढली. ‘‘तोडू का?’’

‘‘तोडली तं नंबर नाही. नंबर नाही तं तपासणी नाही. दुसरी पाटी याले महिना लागते.’’

‘‘आन नाही तोडली तं?’’

‘‘तं इंजन नाही.’’

‘‘मंग तं दोन्हीकडून मेलो,’’ ट्रॅक्टरवाला म्हणाला. त्याचं काहीच मेलेलं नव्हतं, पण तो मनाने आमच्यात आला होता.

तेवढ्यात पुढून साहेबांचा आवाज आला. ते एका छोट्या हत्तीवाल्याला समजावत होते. ‘‘बंद गाडी मी तपासत नाही. बंद गाडी म्हणजे सांगाडा. सांगाड्याला नंबर देत नसतात. दुरुस्त करा आणि पुढच्या वेळी या.’’

आम्हाला पुढची वेळ नव्हती. आम्हाला संध्याकाळपर्यंतचीच मुदत होती.

‘‘धक्का मारा लागन,’’ दुर्गा म्हणाली आणि माझ्यात बसली. तिने चाबी लावली, गियर टाकला, क्लच दाबून धरला. गोलू, ट्रॅक्टरवाला आणि ऑटोवाले मागे आले. मी त्या काळातली आहे जेव्हा लोखंड हातचं राखून वापरत नसत. त्यात खाली नवी गिट्टी. माझी चाकं तिच्यात रुतली. ‘‘हय्या!’’ म्हणून सगळ्यांनी जोर केला. मी हलले, थोडी सरकले, दुर्गाने क्लच सोडला. मी एकदा खोकले. बस.

‘‘जोर कमी पडून राहिला,’’ गोलू धापा टाकत म्हणाला. ‘‘अजून एक मानूस पाहिजे. दमदार.’’

दमदार माणूस कडुनिंबाला टेकून उभा होता. त्याच्या हातात फोन होता आणि फोनमधून विचारणा येत होती की ट्रक आत्ता पाठवू की मग. खरं सांगायचं तर भूपेशला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. थोडा वेळ तसाच गेला असता तर त्याला थ्रेशरची जागा मिळाली असती आणि कोणी त्याला दोषही दिला नसता. पाटी त्याच्या आईने लावून घेतली, चाबी त्याच्या आईने फिरवली.

साहेब ट्रॅक्टरपाशी आले. ‘‘याचा मालक कुठे आहे?’’ त्यांनी विचारलं. मालक माझ्या मागे वाकलेला होता. ‘‘आलो साहेब, ही म्हातारी तेवढी सुरू करून येतो,’’ तो म्हणाला.

‘‘अजून एकदा,’’ दुर्गाने खिडकीतून डोकं काढलं. सकाळी ‘नाही रडत’ म्हणालेली ती, आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. बापाकडे मात्र तिने पाहिलं नाही. मागायचं नाही, असं तिने ठरवलेलं असावं.

मग माझ्या पाठीवर डाव्या कोपऱ्यात दोन हात टेकले. हलके, हाडं लागणारे, हळदीचे. केशरबाईने पदर खोचला होता.

‘‘माय, तू बाजूले हो!’’ भूपेश ओरडला. ‘‘कंबर जाईन तुही!’’

‘‘जाऊ दे. मीनं बंद केली, मी ढकलतो. तू बोल फोनवर. सांग त्याले, दोन सांगाडे हायेत म्हना. एकाच टरकात बसतेत.’’

रांगेतला एक ऑटोवाला फिसकन हसला. भूपेशचे कान तापले. फोनमधून पुन्हा ‘हॅलो, हॅलो’ आलं. ‘‘ठेव बावा,’’ भूपेश म्हणाला, ‘‘आमच्या घरी काम निंगालं.’’ त्याने फोन खिशात टाकला, आईला दोन्ही खांद्यांना धरून बाजूला उभं केलं आणि तिच्या जागी आपली पाठ लावली.

‘‘दुर्गे, क्लच लवकर सोडू नोको! मीनं म्हनलं का मंग सोड!’’

‘‘हय्या!’’

गिट्टी कराकरा वाजली. मी रुतल्या जागेतून उठले. एक हात, दोन हात, मग माणसाच्या चालीने, मग माणसाच्या धावेने. कडुनिंब मागे गेला. समोर कुंपणाची भिंत होती आणि ती अजिबात हलत नव्हती.

‘‘बाबा, भिंत!’’

‘‘थांब! थांब! आता सोड!’’

माझ्या पोटात गचकन धक्का बसला. एक खोकला. दुसरा. आणि मग मी धडाडले. निळ्या धुराचा एक ढग निघाला आणि मला ढकलणारे सगळे त्यात गडप झाले. दुर्गाने ब्रेक दाबून मला भिंतीच्या वीतभर अलीकडे थांबवलं. पण ब्रेकआधी तिने क्लच पुन्हा दाबला होता, म्हणून मी बंद पडले नाही, मित्रांनो. आयटीआयला हेच शिकवत असावेत.

साहेब आले. धुराकडे पाहून त्यांनी रुमाल नाकाला लावला. दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, मागची पाटी पाहिली. पुढची पाटी पाहून ते म्हणाले, ‘‘वा. अगदी मध्यभागी.’’ केशरबाईने दुसरीकडे पाहिलं.

मग त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, वाकले आणि म्हणाले, ‘‘काहीच ऐकू येत नाही. जरा बंद करा बरं. चेसिस नंबर निवांत पाहू द्या.’’

दुर्गाचा हात चाबीजवळ जाऊन तिथेच थांबला. नाही म्हणावं तर साहेबांना शंका येणार, हो म्हणावं तर मी जाणार.

‘‘साहेब,’’ भूपेश पुढे आला. त्याच्या शर्टाला पाठीवर माझा काळा डाग लागला होता. ‘‘बंद करतो ना. पन मंग चालू कराले सगळ्याइले ढकला लागते. आत्ताच आमी सगळे होतो, तरी एक मानूस कमी पडला. तुमी असान तं जमन.’’

साहेबांनी आपल्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. भूपेशच्या पाठीकडे पाहिलं. गिट्टीत पडलेल्या माझ्या चाकांच्या चरांकडे पाहिलं.

‘‘राहू द्या चालू,’’ ते म्हणाले. ‘‘चांगला आवाज आहे.’’ आणि बॅटरीच्या उजेडात डोळे बारीक करून त्यांनी माझा नंबर एकेक अंक वाचून घेतला, आणि कागदावर सही केली.

त्या दिवसापासून मी रस्त्यावर आहे. डाव्या बाजूला बसणाऱ्या पाटीसाठी दुर्गाने अर्ज केला आहे. ती येईल तेव्हा येईल. तोवर रोज मंडईला निघताना भूपेश मला ढकलतो आणि ढकलताना थ्रेशरचं नाव घेतो. भोंग्यावर आता दुर्गाचा आवाज असतो. केशरबाई मागच्या सीटवर बसते. चाबीला ती हात लावत नाही, पण पाटी मधातच शोभते, या मतावर ती अजून ठाम आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरीही कोणी जुनं असेल. यंत्र असेल, नाहीतर माणूस. त्याला हार जरूर घाला, हळदकुंकू लावा. आम्हाला ते आवडतं. पण त्याआधी एकदा त्याच्याभोवती फिरून पाहा आणि ते चालू कुठून होतं, हे त्याच्याशी रोज झटणाऱ्याला विचारा. आणि कधी आपल्याच हातून ते बंद पडलं, तर कोणी बंद पाडलं याची चर्चा मागाहून करा. आधी मागे या आणि हात लावा.