बिस्किटांच्या डब्यातले ओळखपत्र

मित्रांनो, मी एक जुने ओळखपत्र आहे. जुना असलो तरी माझ्या मरणाची घाई कोणालाच नाही. स्पेनमध्ये माणसाने सत्तरी ओलांडली की सरकार त्याला कायमचे ओळखपत्र देते आणि त्यावर मुदत छापते १ जानेवारी ९९९९. माझ्या मालकिणीचे नाव अंगुस्तियास. ती 'ला लिनेआ' नावाच्या गावात राहते. गाव संपले की सरहद्दीचे फाटक लागते आणि फाटकापलीकडे इंग्रजांचे जिब्राल्टर.

मी यंत्रातून बाहेर पडलो तेव्हा कारकून तिला म्हणाला, "आजी, आता पुन्हा यायची गरज नाही."

"वाटच बघताय होय माझ्या जाण्याची?" ती म्हणाली. सगळी कचेरी हसली.

तिची थोरली बहीण सालूद लग्न होऊन पलीकडे गेलेली. दर गुरुवारी अंगुस्तियास तिच्याकडे जेवायला जायची. मला पर्समधून काढून उंच धरायची आणि शिपाई मान हलवायचा. मला ते फार आवडायचे. पण एकदा मासळीबाजारात मी तिच्या हातून पडलो आणि दोन दिवस सापडलो नाही. मग तिने गावातले सगळे म्हातारे करतात तेच केले. माझी झेरॉक्स काढली, तिला प्लास्टिक चढवले, ती पर्समध्ये ठेवली आणि मला सुई-दोऱ्यांबरोबर बिस्किटांच्या डब्यात घातले. बँकेत, औषधांच्या दुकानात झेरॉक्स चालायची. मी बाहेर यायचो ते फक्त गुरुवारी.

सालूदचे ऑपरेशन मात्र मंगळवारी ठरले, सकाळी अकराला. "आत नेण्याआधी तुझं तोंड दिसू दे," एवढेच तिने मागितले होते. त्याला कारण होते. पूर्वी दोन सरकारांच्या भांडणात ते फाटक तेरा वर्षे बंद होते. त्या काळात त्यांची आई गेली. सालूद पलीकडे कुंपणाला धरून उभी राहिली आणि आईची शवपेटी तिने लांबूनच पाहिली. तेव्हापासून अंगुस्तियासला तिला एकटे सोडवत नसे.

मंगळवारी ती पहाटे उठली, पर्स घेतली आणि निघाली. मी डब्यातच! आणि डब्यातून हाक मारता येत नाही.

दहाला दार धाडकन उघडले. तिच्यामागे शेजारचा चानो होता.

"झेरॉक्स चालत नाही म्हणे! तो शिपाई वर्षानुवर्षं माझं तोंड बघतोय मेला!" डबा उघडून मला उचलत ती म्हणाली.

"मावशी, तोंड बघून कायदा चालतो का? बस मागे, स्कूटर चालूच आहे."

फाटकावर ही लांब रांग. चानो ओरडला, "आजींना पुढे सोडा रे!"

"आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत?" एक बाई फणकारली, पण बाजूला झाली. शिपायाने मला पाहिले आणि क्षणात सोडले. पुढे रस्ता विमानाच्या धावपट्टीवरून जातो. नेमके विमान उतरत होते, अडसर खाली. अंगुस्तियास एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती आणि मला मुठीत आवळत होती.

दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती.

"आताच आत नेलं," नर्स म्हणाली. "सारख्या मागे वळून बघत होत्या."

अंगुस्तियास बाकावर बसली. चार तास तिथून उठली नाही. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. चूक माझी नव्हती हे खरे, पण त्याने काय होते?

दुपारी सालूदने डोळे उघडले. "आलीस? फाटकावर अडवलं का गं पुन्हा?"

अंगुस्तियासने मला चटकन पदराआड करावे तसे शालीखाली लपवले. "छे गं! केस विंचरत बसले."

"मेली, या वयात नटायची हौस!" सालूद म्हणाली आणि तिचा हात धरून रडू लागली. मग दोघीही रडल्या.

मित्रांनो, ती थाप गोड होती. पण सालूद आत एकटीच गेली, ते त्या थापेने बदलले नाही. म्हणून सांगतो, आम्हांला इतके जपू नका. आमच्यावर चरे पडू देत, आमचे कोपरे झिजू देत. पण निघताना आम्हांला बरोबर घ्या. पलीकडे कोणीतरी तुमचीच वाट बघत असते, झेरॉक्सची नाही.